नूडलचं लाभक्षेत्र

फ्रिजवर चिकटवलेल्या चिठ्ठीत माझ्या वाट्याला दोनच वाक्यं आली होती: ‘आजोबा, प्लीज काहीही करू नका. फक्त वाटीत पाणी.’ ‘काहीही’च्या खाली दोन रेघा मारलेल्या.

मी ३४ वर्षं धरणं-कालव्यांच्या नोकरीत काढली. (कोणत्या खात्यात ते लिहीत नाही, पेन्शन चालू आहे.) ‘काहीही करू नका’ हा आदेश तेवढ्या काळात तोंडी पुष्कळदा मिळाला. लेखी मात्र पहिल्यांदाच, आणि तोही १४ वर्षांच्या नातीकडून.

ईरा शाळेच्या बँडबरोबर नऊ दिवस फ्लोरिडाला निघाली होती. मागे राहणार होतो आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी, लेक-जावई, मिनेसोटाची उणे २० अंशांची थंडी आणि ईराच्या खोलीतल्या दोन काचपेट्यांत एकेक टॅरँटुला. टॅरँटुला म्हणजे कोळीच, पण पाय पसरून बसली की बशी भरेल एवढी, आणि अंगभर केस. लेकीने कोळी पाळायची परवानगी दिली तीच अटीवर: तिच्या डोळ्यांदेखत पेटीचं झाकण उघडायचं नाही. जावई रात्री-अपरात्री कसले तरी सर्व्हर सांभाळतो, तिकडे आकाश कोसळलं तरी डगमगत नाही. ईराच्या खोलीच्या दारातून मात्र ‘सगळं ठीक ना, बाबा?’ एवढंच विचारतो आणि उत्तर यायच्या आत जिना उतरलेला असतो. उरलो मी. शिवाय काम पाण्याचं. पाण्याच्या कामात मला कोण शिकवणार?

तर त्यातली पहिली नूडल. अंगावरचे केस कुरळे, म्हणून नूडल. मूळची होंडुरास, निकाराग्वा, कोस्टा रिका या बाजूची, म्हणजे पाऊस, जंगल, लालसर माती. १९८० साली कोस्टा रिकातल्या वालेरिओ नावाच्या अभ्यासकाने तिच्या जातीचं शास्त्रीय वर्णन केलं. अलीकडे तिचं कूळ बदलून ‘ट्लिल्टोकाटल’ ठेवलंय. मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतून घेतलेला शब्द, अर्थ काळा कोळी. आमच्या हिने तो उच्चारायचा एकदा प्रामाणिक प्रयत्न केला, ‘टिळटोकाटी’पर्यंत पोचली, आणि तेव्हापासून ती नूडलला ‘ती बया’ म्हणते.

दुसरी जीन्स. पाय डेनिमसारखे निळे, पोट शेंदरी. ही व्हेनेझुएलाच्या उत्तरेला समुद्रात घुसलेल्या पाराग्वाना द्वीपकल्पावरची. तिथे काटेरी झुडपं, उघडं रान आणि पावसाचं नाव फक्त सांगण्यापुरतं. मला त्या दोघींची ओळख करून घ्यायला अर्धा मिनिट लागला. एक आंबोलीची, दुसरी माण-खटावची. दोन्हीकडे मी नोकरी केली होती. एकीकडे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, दुसरीकडे पाचशे झाला तर लोक साखर वाटतात.

खरं म्हणजे असले कोळी पाहायला मला सातासमुद्रापार यायची गरज नव्हती. आंबोलीच्या विश्रामगृहात एका रात्री दिव्याजवळच्या भिंतीवर हाताच्या पंजाएवढा एक आला होता, आणि मी साइटवरच्या गमबुटांसकट कॉटवर चढलो होतो. आपल्या सह्याद्रीतही झाडांच्या ढोलीत राहणारे, पट्ट्यापट्ट्यांचे टॅरँटुला आहेत. त्यातल्या एकाचं वर्णन पोकॉक नावाच्या इंग्रजाने १८९९ मध्ये करून ठेवलंय. त्या सबंध कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१९ पासून निर्बंध आहेत, कारण जगभरचे हौशी लोक त्यांच्यामागे लागले. हे मला ईराने सांगितलं. त्या रात्री कॉटवर मला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी चिठ्ठीबरहुकूम वागलो. दोन्ही वाट्या भरल्या, हात झटकले, खाली येऊन चहा घेतला. दुसऱ्या दिवशी माझं लक्ष नूडलच्या पेटीत आतून चिकटवलेल्या तबकडीकडे गेलं. गोल, घड्याळासारखी, एकच काटा. आर्द्रतामापक. काटा ३८ वर. पेटीबरोबर दुकानातून आलेलं घडीपत्रक शेजारीच पडलं होतं, त्यात नूडलच्या जातीपुढे छापलेलं: आर्द्रता ८०.

३८ आणि ८०. म्हणजे ४२ टक्क्यांची तूट. तूट दिसली की माझ्या पिढीच्या अभियंत्याला दोनच गोष्टी सुचतात, टंचाई आराखडा आणि टँकर.

आता मला कोणी सांगावं की ‘अहो, एवढं काय?’, तर त्याने हिवाळ्यात मिनेसोटात राहून पाहावं. बाहेरची उणे २० अंशांची हवा कागदोपत्री ८० टक्के आर्द्र असली, तरी मुळात तिच्यात पाणी चिमूटभर. तीच हवा घरात ओढून २१ अंशांवर तापवली, की तिची सापेक्ष आर्द्रता तीन-चार टक्क्यांवर येते. पुढे माणसांचे श्वास, अंघोळी आणि कुकरच्या शिट्ट्या यांच्या जिवावर घर कसंबसं २०-२५ पर्यंत तग धरतं. माझ्या टाचांना माणदेशातल्या जमिनीसारख्या भेगा पडल्या होत्या. दाराच्या मुठीला हात लावला की ठिणगी उडायची. हिने बैठकीच्या खोलीत चादरीवर कुरडया घातल्या, त्या तिसऱ्या दिवशी खडखडीत वाळल्या. ऊन नाही, वारा नाही, राखणीला पोरं नकोत, कावळा नाही. ‘इथे एक वाळवणाचा कारखाना काढू या’ असं ती गंभीरपणे म्हणाली. ज्या घरात डिसेंबरात कुरडया वाळतात, त्या घरात कोस्टा रिकाची बाई राहते. तिचं काय होत असेल?

तरी मी थांबलो असतो. पण रात्री झोप येईना, म्हणून कोळ्यांच्या शरीररचनेबद्दल वाचत पडलो, आणि तिथे घात झाला.

कोळ्याच्या पायात पाय मिटायचे स्नायू असतात. पण पायाचे दोन मोठे सांधे उघडायचे स्नायू नसतातच! पाय सरळ करायचा, तर शरीराच्या पुढच्या भागातून रक्त दाबाने पायात ढकलायचं. रक्त म्हणजे निळसर द्रव. दाब चढला की पाय उघडला, दाब उतरला की मिटला. मी अंथरुणात उठून बसलो. ३४ वर्षं ज्या विषयाची भाकरी खाल्ली, तो विषय आठ पायांवर वरच्या खोलीत चालत होता. मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाखाली आवळलेले का असतात, हे कोडं मला वयाच्या ७१व्या वर्षी सुटलं. पंप बंद, लाइन रिकामी. पाणी फारच कमी पडलं तर जिवंतपणीही तेच होतं, दाब पुरत नाही आणि पाय आत वळायला लागतात.

मी हिला हलवून उठवलं. ‘अगं, ती बया म्हणजे हायड्रॉलिक यंत्रणा आहे!’

‘बरं. तिला झोपू दे आणि तुम्हीही झोपा.’

सकाळी पाहिलं तर नूडलने पुढचा डावा पाय किंचित आत घेतला होता. आता वाटतं, माणूस मांडी मोडून बसतो तसा घेतला असेल. तेव्हा मला त्यात धरण आटताना दिसलं.

फवाऱ्याची बाटली मला सिंकखाली सापडली. नोंदवही मी साताऱ्याहून आणलेलीच होती. पहिली नोंद: सकाळी ७ वाजता ३०० मि.लि., काटा ४४. दुपारी १२ वाजता काटा पुन्हा ३९. म्हणजे फवारलेलं पाणी वरच्या वर उडून चाललं होतं. बाष्पीभवनाने होणारी पाण्याची हानी हा माझा जुना वैरी. त्यावर मी एकदा पुस्तिका लिहिली होती, ती कुणी वाचली नाही. इथे उपाय सोपा होता. पेटीच्या जाळीदार झाकणावर मी पोळ्या गुंडाळायचं चिकट प्लॅस्टिक लावलं, फक्त एका कोपऱ्यात चार बोटं जागा ठेवली. काटा ५२ वर गेला. मग ६०. संध्याकाळी ७१!

धरण भरलं की ओटी भरतात, जलपूजन होतं. विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये खडकवासल्याला पाण्याच्या जोरावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, तेव्हा त्यांना काय वाटलं असेल याची थोडी कल्पना मला त्या संध्याकाळी आली. मी हिला वर बोलावून काटा दाखवला. हिने काटा पाहिला, प्लॅस्टिक पाहिलं, आणि म्हणाली, ‘माझा रोल संपवलात.’

त्यानंतर मी आवर्तनं सोडली. सकाळी एक, संध्याकाळी एक, शिवाय पाय आत घेतलेला दिसला की तातडीची पाळी. फवाऱ्याने भागेना म्हणून पुढे तांब्या. आणि नूडलला एवढं मिळतंय तर शेजारच्या जीन्सने काय पाप केलं? हेडच्या शेतकऱ्याने ऊस करायचा आणि टेलच्याने आभाळाकडे बघायचं, हे मी कधी होऊ दिलं नाही, निदान होऊ नये असं मला वाटायचं. समन्यायी पाणीवाटप या तत्त्वानुसार जीन्सला ३०० मि.लि. मंजूर केले. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला ‘जीन्सला वाटी सोडून एक थेंबही नाही!’ असं लिहिलेलं होतं, पण आदेशाची मागची बाजू वाचायची सवय नोकरीतही नव्हती. जीन्सचं सगळं घर म्हणजे पेटीभर विणलेलं पांढरं रेशीम. त्यावर थेंब लटकले, दिवाळीतल्या माळेसारखे फार सुंदर दिसले. मी फोटो काढला. जीन्स फोटोत नाही. ती जाळ्याच्या सगळ्यात उंच टोकावर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली होती.

हिशेब सांगतो, कारण हिशेब मी कधी लपवला नाही. नूडलचं लाभक्षेत्र ४५ सेंटिमीटर गुणिले ३० सेंटिमीटर, म्हणजे ०.१३५ चौरस मीटर. हेक्टरमध्ये सांगायचं तर ०.००००१३५. आत १५ सेंटिमीटर जाडीचा नारळाच्या काथ्याचा भुसा. चौथ्या दिवसाच्या रात्रीपर्यंत सोडलेलं एकूण पाणी चार लिटर. पावसाच्या मापात बसवलं तर अवघे ३० मिलिमीटर! आंबोलीत चहाला आधण येईपर्यंत पडतो एवढा. मी स्वतःला हेच सांगत होतो. एक गोष्ट विसरलो. आंबोलीला उतार आहे, दऱ्या आहेत, खाली कोकण आहे. या पेटीला खाली काच आहे.

पाचव्या दिवशी खोलीत वास आला. पावसाळ्यात आठ दिवस न वाळलेली सतरंजी असते ना, तो. बुचाच्या सालीचा एक तुकडा नूडलला लपायला ठेवलेला असतो, त्यावर पांढरी लव आली होती. मी आधी तिला नूडलचेच गळलेले केस समजलो. काचेच्या तळाशी बोटभर पाणी उभं होतं. आणि स्वतः नूडल, जी एरवी सालीखालच्या बिळात गुपचूप बसलेली असते, ती काचेवर चढून झाकणाला टेकली होती. आठही पाय ताणलेले, म्हणजे हायड्रॉलिक दाब उत्तम. माझ्या नोंदवहीत त्या दिवशी लिहिलंय: ‘प्राणी उत्साही. विहार करीत आहे.’

चहा घेऊन ही वर आली. बराच वेळ काचेकडे पाहत राहिली.

‘अहो, पुरात माणसं छपरावर चढतात, ती काय हौसेने चढतात?’

मी गप्प.

‘झाकण काढा.’

मी झाकण काढलं. वाफ तोंडावर आली. हिने बाही मागे सारली आणि नूडल ज्या टोकाला नव्हती, त्या टोकाला सरळ हात घातला. मुठीत भुसा घेतला, दाबला. बोटांच्या फटींतून पाणी मनगटापर्यंत ओघळलं आणि थेंब थेंब ईराच्या बेडवर पडलं.

‘याला वाफसा आहे का?’

हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही. शेतकरी मेळाव्यांत माझं ठरलेलं भाषण असायचं, ‘ओल आणि वाफसा’. खतांच्या कंपनीचा मंडप, पिण्याच्या पाण्याचा ड्रम, आणि मी व्यासपीठावर हातात मातीचा गोळा घेऊन: ‘मंडळी, पिकाला पाणी नको असतं, पिकाला वाफसा हवा असतो! मातीच्या पोकळीत ओलही पाहिजे आणि हवाही पाहिजे. मुठीत माती घ्या, दाबा. पाणी गळलं तर जमीन पाणथळ. गोळाच झाला नाही तर कोरडी. गोळा झाला पाहिजे आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला पाहिजे. तो वाफसा!’ मग मी गोळा टाकायचो, तो फुटायचा, टाळ्या पडायच्या. ही पहिल्या रांगेत बसून हे पंचवीस वर्षं ऐकत होती. मी मिनेसोटात येऊन काट्याच्या नादी लागलो आणि मूठ विसरलो.

‘गच्चीतली तुळसही अशीच मारलीत तुम्ही,’ ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

माणूस चुकला की आधी उपकरणाकडे बोट दाखवतो. मीही तेच केलं, फरक इतकाच की माझं बोट बरोबर निघालं. आर्द्रतामापक तपासायची एक घरगुती रीत आहे. बाटलीच्या बुचात साधं मीठ घ्यायचं, दोन-चार थेंब पाणी घालून ओला रबरबीत लगदा करायचा, विरघळवायचं नाही. ते बूच आणि तबकडी एका घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायची आणि रात्रभर हात लावायचा नाही. अशा पिशवीतली हवा ७५ टक्के आर्द्रतेवर येऊन थांबते. तो मिठाचा स्वभावच आहे, त्यात पिशवी कुणाची आणि मीठ कुठलं याने काही बिघडत नाही. सकाळी मी पिशवी उजेडात धरली. काटा ५८ वर. म्हणजे ही तबकडी १७ टक्के कमी दाखवत होती. ज्या दुपारी मला दुष्काळ दिसला, त्या दुपारी पेटीत ५५ च्या आसपास आर्द्रता होती आणि नूडल मजेत होती. कालव्यावरची मोजपट्टी चुकीची असेल तर काय होतं, हे मी इतरांना इतक्यांदा सुनावलंय की पुढचं लिहीत नाही.

आणि तो ८० चा आकडा तरी कुठून येतो? माझा अंदाज असा की कोणीतरी त्या देशाचं हवामान पाहिलं आणि छापून टाकलं. हवामानखात्याची उपकरणं असतात जमिनीपासून चार-पाच फुटांवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत. नूडलचं कूळ राहतं जमिनीत बीळ करून. वर काही का असेना, बिळाच्या तळाशी ओल टिकून असते, आणि तहान लागली तर ती वाटीत तोंड बुडवून सरळ पाणी पिते. मोठ्या कोळ्याच्या अंगावरची मेणचट कात पाणी सहसा बाहेर जाऊ देत नाही. पिल्लांची कात पातळ, त्यांना जपावं लागतं. श्वास घ्यायला पोटाखाली चार फटी, आत पुस्तकाच्या पानांसारखे पातळ पडदे, म्हणून नावच पुस्तकफुफ्फुस. तिला दमट आणि कोंडलेली हवा नको असते. आणि मी नेमकी तीच पोळीच्या प्लॅस्टिकखाली दाबून ठेवली होती.

आता दुरुस्ती. काथ्याचा भुसा बदलायचा तर नूडलला हलवायला हवं. काचेवरून पडली तर अडचण, कारण एवढ्या जड कोळ्याचं पोट हातभर उंचीवरून पडलं तरी फुटू शकतं. मी हिचा शेवेचा पारदर्शक डबा आणला, शेव कागदावर काढली, आणि ईराच्या रंगकामाच्या मऊ ब्रशने नूडलला मागून अगदी हळू टोचलं. नूडलने मागचे दोन पाय उचलले आणि पोटावर खसाखसा घासले. हवेत धुरासारखं काहीतरी उडालं. मला वाटलं, बिचारी खाजवते आहे. मग मी खाजवायला लागलो. ते केस म्हणजे खाजकुयलीची सख्खी बहीण. मनगटापासून कोपरापर्यंत दोन दिवस आग. हिने खोबरेल लावलं, आणि लावता लावता, ‘आता तो डबा तिलाच राहू दे, मला परत नको,’ एवढं बोलली.

नव्या भुशाची वीट ईराच्या कपाटात होती. वेष्टनावर बारीक अक्षरात ‘भारत’. हिला खरा धक्का बसला तो किंमत वाचून. ‘बारा डॉलर? आमच्याकडे सोडणं बंबात जातात!’ तिचं माहेर मालवणकडचं. तिचं आजोळ सबंध एका पावसाळ्यात जेवढा काथ्या जाळायचं, त्यात तिच्या मते या कॉलनीतली दोन घरं आली असती.

कोरडा भुसा आणि जुना ओला भुसा आम्ही तिच्या सर्वात मोठ्या परातीत एकत्र केला. मी पाणी घालत होतो, ती मळत होती. तीन वेळा मी ‘झालं’ म्हणालो, तीन वेळा तिने मान हलवली. चौथ्या वेळी तिने मूठ दाबली. एकही थेंब नाही, आणि उघडलेल्या तळहातावर मोदकासारखा पाकळ्या उमटलेला गोळा. तिने तो परातीत वरून सोडला. फुटला. टाळ्या वाजवायला मीच होतो.

मग मी आराखडा मांडला. तळाला गोट्यांचा निचरा थर, त्यावर गाळणी, एका बाजूने मुख्य नळी, तिला चार पोटचाऱ्या. हिने तो नामंजूर करून एक जाड स्ट्रॉ ठेवला. कोपऱ्यात उभा खोचायचा, थोडं पाणी त्यातून थेट तळाशी सोडायचं. खालचा थर ओला, वरचा कोरडा, एक बाजू दमट, दुसरी सुकी. कोणत्या बाजूला बसायचं ते नूडलने ठरवावं. झाकणावरचं प्लॅस्टिक काढलं. जीन्सकडे काही करावं लागलं नाही. ज्या हवेने माझ्या टाचा फोडल्या, तिने जीन्सचं घर दोन दिवसांत वाळवलं.

नूडल बिळात गेली आणि मला वाटलं, संपलं. पण तिच्या पोटावर मागे एक टकलाचा डाग होता, तो काळाकुट्ट पडत चालला होता. गेले काही आठवडे ती रातकिडेही खात नव्हती, हे ईराने जाण्याआधी सांगितलं होतं. माझं निदान: पाणथळ जमिनीत मुळं कुजतात, तसं काहीसं. मी हिला सांगितलं नाही. चार लिटरची नोंद असलेलं पान फाडावं का, असा विचार मात्र मनात आला.

आठव्या रात्री दोन वाजता बाथरूमला उठलो तो सवयीने वरच्या खोलीत डोकावलो. नूडल उताणी पडली होती. सालीच्या पुढ्यात, उघड्यावर, पाठीवर, आठही पाय वर.

मी तसाच खाली जिन्यावर बसलो. काय बोलणार होतो ईराला? ‘बाळा, आजोबांनी पाणी जरा जास्त सोडलं.’ विसर्ग वाढवण्याआधी नदीकाठच्या गावांना दवंडी देतात, मी तेवढंही केलं नव्हतं. ही उठून आली. तिने काचेतून पाहिलं, हात जोडले आणि हळूच विचारलं, ‘इथे पुरायचं कुठे? जमीन तर गोठलेली.’

तिनेच फोन लावला. फ्लोरिडात तीन वाजले होते. ईराचा कुजबुजता आवाज आला.

‘आजोबा? काय झालं?’

‘बाळा, नूडल...’

‘पाठीवर आहे?’

‘हो.’

‘पाय हलतायत? नीट बघा. लाइट लावू नका!’

मी मोबाइलच्या मिणमिणत्या उजेडात बघितलं. पाय हलत नव्हते, पण सरळ होते, पोटाखाली आवळलेले नव्हते. पंप चालू होता! आणि पुढच्या भागाची पाठ झाकणासारखी एका कडेने उचकटली होती.

‘ओ माय गॉड, मोल्ट! कात टाकतेय! आजोबा, तिला हात लावला? नाही ना? रातकिडा आत नाहीये ना? पाणी मारलं का तुम्ही?’

‘थोडं.’

‘किती?’

‘चार लिटर.’

पलीकडे इतका वेळ शांतता होती की मला वाटलं फोन कटला.

‘... टोटल?’

त्या रात्री मी ‘काहीही करू नका’ हा आदेश शब्दशः पाळला. काळोखात खुर्ची टाकून बसलो. ही शाल घेऊन शेजारी. जुनी कात आणि नवं अंग यांच्यामध्ये शरीर स्वतःच थोडं द्रव सोडतं आणि त्यावर ती सरकून बाहेर येते. त्यासाठी लागतं ते आधीच्या दिवसांत पोटभर प्यालेलं पाणी. आयत्या वेळी बाहेरून फवारा मारून काही होत नाही. हे ईराने फोनवर तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा जरा मोठ्याने. नूडल एकेक पाय हातमोज्यातून बोट काढावं तसा काढत होती, पण इतक्या सावकाश की हालचाल कधी दिसायचीच नाही, फक्त मघाशी आत होता तो पाय आता बाहेर आहे एवढंच कळायचं. हिने मध्येच तिन्ही मुलांच्या बाळंतपणांची उजळणी केली. सहाच्या सुमारास दोन नूडल होत्या. एक रिकामी, एक भरलेली. भरलेली मखमली काळी, केस नवे कुरळे, सुळे दुधासारखे पांढरे.

ईरा परत आली ती सरळ वर गेली. बॅगसुद्धा दारात. मी मागोमाग. तिने नोंदवही वाचली, एकही पान फाडलेलं नाही हे मी नमूद करतो. ‘प्राणी उत्साही. विहार करीत आहे’ हे वाक्य तिने दोनदा अडखळत वाचलं, ‘विहार’ म्हणजे काय ते विचारलं, आणि मग इतकी हसली की लेक खालून ओरडली. रिकामी कात तिने कोमट पाण्यात भिजवून उलगडली आणि पोटाकडच्या बाजूला चार पांढरे चौकोन मला दाखवले. पुस्तकफुफ्फुसांचं अस्तर. तेही बदलतं, आतलंसुद्धा. मी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं.

‘आणि हे कोणी केलं?’ तिने भुशात बोट खुपसून विचारलं.

‘आजीने.’

‘हाऊ? मीटर तर खराब आहे. मला माहीत होतं, ते नुसतं शोसाठी ठेवलंय.’

मी काही बोललो नाही.

एप्रिलमध्ये आम्ही साताऱ्याला परतलो. जूनमध्ये एका रविवारी सकाळी ईराचा व्हिडिओ कॉल आला. बाहेर आमच्याकडे पहिला पाऊस, तिच्याकडे शनिवारची रात्र. जीन्स मजेत होती, नूडल आता बशीबाहेर जाईल एवढी झाली होती, आणि तिची पेटी मोठी करायची होती. ‘आजी, थांब, बघ आणि सांग,’ म्हणून तिने बादलीत हात घातला, मूठ कॅमेऱ्यासमोर धरली आणि दाबली.

‘थेंब आला का?’ हिने चष्मा पुढे ओढून विचारलं.

‘नो थेंब.’

‘सोड आता. कमरेवरून.’

गोळा पडद्याबाहेर गेला. पडल्याचा बारीक आवाज आला, आणि पाठोपाठ माझ्या लेकीचा, खालच्या मजल्यावरून नव्हे तर अगदी शेजारून:

‘ईरा! कार्पेट!’